गाणं लावायचं की म्हणायचं?

आमच्या बालवाडीत एक मुलगा होता, नुकतीच तीन वर्षं पूर्ण झालेला. शाळेत येऊन सात आठवडे उलटले तरी त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. घरी सगळं बोलतो, असं आई सांगायची. आमच्याकडे मात्र दारातून आत पाऊल टाकलं की ओठ घट्ट मिटलेले. रडायचा नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही, खेळणी दिली की खेळायचा. नाव विचारलं की खाली बघायचा.

त्या दिवसांत आम्ही दोन ओळींचं एक बडबडगीत म्हणत असू. पुस्तकातलं नव्हे, वर्गातच जुळवलेलं. ‘पाण्यात दगड पडला, पडता पडता म्हणाला...’ इथे मी थांबायचे. मूठ वर धरलेली. मुलांच्या माना वर, नजर मुठीवर. मग मूठ मांडीवर आपटायची आणि सगळ्यांचा एकदम आवाज, ‘डुबुक!’ पुन्हा म्हणायचं, पुन्हा थांबायचं. दहा वेळा म्हटलं तरी अकराव्या वेळेला तोच आनंद. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

एका सकाळी मी अशीच ‘म्हणाला’वर थांबले आणि दाराशी कुणीतरी आलं म्हणून माझं लक्ष तिकडे गेलं. मूठ वरच राहिली. नेहमीपेक्षा दोन-तीन क्षण जास्त. मुलं शहाण्यासारखी थांबून राहिली होती. त्या शांततेत एकट्याचा, जरा चिडलेला आवाज आला, “डुबुक.” हा तोच मुलगा होता. तो माझ्या मुठीकडे बघत होता. मूठ वेळेवर खाली का येत नाही, हे त्याला सहन झालं नव्हतं.

त्या प्रसंगाचा मी पुढे कितीदा तरी विचार केला. त्याने बोलावं म्हणून आम्ही काय काय केलं होतं! प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, लाडीगोडी लावली. पण प्रश्न विचारला की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे, आणि उत्तर त्याने स्वतःच शोधायचं. गाण्यात उलट होतं. पुढचा शब्द आधीच ठरलेला, तो कधी यायचा तेही ठरलेलं, आणि तो सगळ्यांचा मिळून. त्याला फक्त त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकायचं होतं. लय त्याच्या अंगात इतकी भिनली होती की ती अर्धवट राहणं त्याला बोलण्याच्या भीतीपेक्षा जड गेलं.

आता हेच गाणं मी यंत्रावर लावलं असतं तर? यंत्र दाराकडे बघत नाही. ते त्याच्या वेळेला ‘डुबुक’ म्हणून मोकळं झालं असतं.

मराठीत गाण्याबरोबर दोन क्रियापदं येतात. गाणं लावतात आणि गाणं म्हणतात. गेल्या काही वर्षांत लहान मुलांच्या बाबतीत आपण लावण्याकडे फार झुकलो आहोत. घरात मूल रडलं की हातात पडदा, बालवाडीत ‘संगीताचा तास’ म्हणजे भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून येणारा मोठा आवाज आणि त्यासमोर हातवारे करणारी मुलं. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या सहा वर्षांत संगीताचं जे काही मोल आहे, त्यातलं बहुतेक सगळं म्हणण्यात आहे. म्हणून पूर्वप्राथमिक वर्गात मोठ्या माणसाने रोज, स्वतःच्या गळ्याने, मुलांबरोबर गाणं हा कामाचा भाग मानला गेला पाहिजे. हौस किंवा सवडीचा मामला नव्हे, कामाचा भाग. आणि त्याचं समर्थन ‘गाण्याने मुलं हुशार होतात’ या आधारावर करणं आपण थांबवलं पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

१९९३ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यांना १० मिनिटं पाश्चात्त्य अभिजात संगीतकार मोझार्ट यांची दोन पियानोंची एक रचना ऐकवली आणि मग आकृत्या मनातल्या मनात फिरवून बघण्याची कोडी दिली. ती त्यांनी शांत बसून आलेल्यांपेक्षा बरी सोडवली. हा फरक जेमतेम १० ते १५ मिनिटं टिकला. बस, एवढंच. त्यात एकही मूल नव्हतं, बाळ तर नव्हतंच, आणि कुणी कायमचं हुशार झालं असं त्या संशोधकांनी म्हटलंही नव्हतं. पण पाच वर्षांत गोष्ट कुठल्या कुठे गेली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. त्याच वर्षी फ्लोरिडात सरकारी मदतीवरच्या पाळणाघरांनी रोज असं संगीत लावावं, असा कायदा झाला. लावावं! म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण म्हणण्यासाठी माणूस लागतो.

मग पडताळणी सुरू झाली. १९९९ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर तो परिणाम नाममात्र उरला. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास आणि ३,००० हून अधिक माणसांची माहिती तपासली. मोझार्टमध्ये खास काही सापडलं नाही. मधल्या काळात एका प्रयोगात असं दिसलं होतं की ज्यांना मोझार्टपेक्षा गोष्ट ऐकायला जास्त आवडली, त्यांनी गोष्टीनंतर कोडी जास्त चांगली सोडवली. म्हणजे मन प्रसन्न असलं की काम चांगलं होतं. हे तर आपल्याला आधीपासून ठाऊक होतं.

ऐकण्याने नाही, पण शिकण्याने तरी बुद्धी वाढते का? टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलं. काहींना वर्षभर वादन शिकवलं, काहींना गायन, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. वर्षभरात सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला होता, संगीतवाल्यांचा इतरांपेक्षा जेमतेम पावणेतीन गुणांनी जास्त. नाटकाच्या गटातली मुलं मात्र इतरांशी वागण्यात सुधारली होती. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांसाठी, पालकांसह, सहा आठवड्यांचे संगीतवर्ग घेऊन दोनदा तपासलं. बौद्धिक कौशल्यांत भरवशाचा फायदा दिसला नाही. २०२० मध्ये ५४ अभ्यास आणि जवळपास ७,००० मुलांचा एकत्रित आढावा आला. त्याचंही सांगणं तेच, की संगीतशिक्षणाने बुद्धी किंवा शाळेतले गुण वाढतात असं नीट आखलेल्या अभ्यासांतून दिसत नाही.

संगीतावर जीव असणाऱ्या अनेकांना हे वाचून वाईट वाटतं. मला बरं वाटलं. बुद्ध्यांकाच्या दारातून आत आलेलं गाणं बुद्ध्यांकाच्याच दारातून बाहेर जातं. ‘गणित सुधारतं म्हणून गाणं शिकवा’ असं म्हटलं की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारणार, मग थेट गणितच का शिकवू नये? त्यांचं चुकत नाही. आपण गाण्याची किंमत दुसऱ्याच कुठल्या तरी नाण्यात मोजायला निघालो, ही चूक आपली. भाषा कशाला शिकवायची, असं आपण विचारत नाही. मूल माणसांत आलं म्हणून त्याला बोलायला शिकवतो. गाण्याचंही तसंच असायला हवं.

आणि गाण्याला स्वतःचं असं पुष्कळ काही द्यायचं असतं. ते बुद्धीच्या मोजपट्टीवर दिसत नाही, पण कुठल्याही वर्गात डोळ्यांना दिसतं.

मूल जन्मतं तेव्हा त्याचे कान कोरे नसतात. गर्भातच, शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या आवाजाचे चढउतार त्याच्यापर्यंत पोचत असतात. शब्द नीट पोचत नाहीत, हेल पोचतो, लय पोचते. म्हणजे भाषेची ओळख होते तीच मुळी संगीतासारखी. २००९ मध्ये बुडापेस्टला इस्तवान विंकलर यांच्या गटाने दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या लहरींनी त्याची दखल घेतली. समेची जागा चुकली हे तीन दिवसांच्या जीवाला कळतं!

पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो कॅनडातला २००५ चा प्रयोग. लॉरेल ट्रेनर आणि जेसिका फिलिप्स-सिल्व्हर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एक असा ठेका ऐकवला की ज्यात कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. ऐकवताना काहींना दर दुसऱ्या ठोक्याला मांडीवर उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकारे जोर दिलेले ठेके ऐकवले, तर ज्या बाळाला जसं उडवलं होतं तसाच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे बांधलेले असले तरी तेच. मात्र ज्या बाळांनी दुसऱ्याला नुसतं उडताना पाहिलं, त्यांच्यात ही आवड आढळली नाही. म्हणजे बाळ ताल कानाने ऐकतं तेवढाच अंगाने ऐकतं. मांडीवर घेऊन हलवणारं माणूस त्याला ताल शिकवत असतं, आणि हे त्या माणसाच्या गावीही नसतं. पडद्यासमोर बाळखुर्चीत पट्टा बांधून बसवलेल्या बाळाच्या कानांपर्यंत गाणं जातं, अंगापर्यंत जात नाही.

आणखी एक. जर्मनीत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. जोडीला कधी माणूस वाजवत होता, कधी वाजवणारं यंत्र होतं, कधी नुसता आवाज. ठेका तोच. माणसाबरोबर वाजवताना मुलांनी ताल जास्त चांगला धरला. यात अडीच वर्षांची मुलंही आली, ज्यांना एरवी ताल धरणं फार अवघड जातं. यंत्र खरं तर माणसापेक्षा अचूक असतं. तरी मूल माणसाकडे ओढलं जातं, कारण त्याला ठोक्याशी जुळवून घ्यायचं नसतंच. त्याला समोरच्या माणसाशी जुळवून घ्यायचं असतं. ताल हे निमित्त.

याच दोघांनी पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एक खेळ खेळायला लावला. अर्ध्या जोड्या गात-वाजवत-नाचत खेळल्या, अर्ध्या तोच खेळ गाण्यावाचून खेळल्या. नंतर एका मुलाच्या हातातल्या गोट्या सांडतील अशी योजना केलेली होती. एकत्र गायलेली मुलं जोडीदाराच्या मदतीला जास्त वेळा धावली. बाळांमध्येही असंच काहीसं दिसलं आहे. समोरच्या अनोळखी बाईच्या लयीत लय मिळवून ज्यांना उडवलं, ती चौदा महिन्यांची मुलं नंतर तिच्या हातून पडलेल्या वस्तू जास्त उत्साहाने उचलून देत होती.

मी या प्रयोगांवर विश्वास ठेवते तो काही ते परदेशी प्रयोगशाळेत झाले म्हणून नव्हे. वर्गात रोज दिसतं म्हणून. खेळून झालं की ठोकळे आवरायचे असतात. ‘चला, आवरा’ असं मी सांगितलं तर चार मुलं आवरतात, सहा पळतात, दोघं भांडतात. तेच मी पहिला ठोकळा उचलता उचलता ‘चला चला आवरू, एक एक सावरू’ अशी ओळ धरली की हात आपोआप त्या लयीत पडायला लागतात. टोपलीत ठोकळा पडण्याचा आवाजसुद्धा ठेक्यात येतो. एखादं मूल मुद्दाम मागे राहतं आणि शेवटच्या ‘सावरू’ला आपला ठोकळा टाकतं. तो त्याचा मान. हुकूम देणारी मी आणि ऐकणारी मुलं असे दोन पक्ष तेवढ्यापुरते उरत नाहीत, कारण लयीपुढे मीसुद्धा बांधलेली असते. एक ओळ सोडून मला पुढे पळता येत नाही.

भाषेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण वाचायला शिकवण्याची घाई सगळ्यांना असते. मूल अक्षर ओळखतं त्याच्या कितीतरी आधी त्याला शब्द ध्वनींत फोडता यावा लागतो. ‘कमळ’ आणि ‘कपाट’ यांची सुरुवात एकच आहे, ‘पळा’ आणि ‘मळा’ यांचा शेवट एकच आहे, हे कानाला कळलं पाहिजे. ते कुणी समजावून सांगून कळत नाही. यमकांशी खेळून कळतं. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवल्या – पा-ख-रू, फुल-पा-ख-रू – की ‘फुलपाखरू’मध्ये ‘पाखरू’ सापडल्याचा जो हर्ष मुलांना होतो, तो बघण्यासारखा असतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात तिसऱ्या वर्षी ज्यांना जास्त बडबडगीतं येत होती, ती मुलं सहाव्या वर्षी वाचनात पुढे दिसली. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशेबात धरूनही. गाण्यामुळेच ती पुढे गेली, असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही, ज्या घरात गाणी म्हणतात तिथे बोलणंही जास्त होत असेल. पण यमक ऐकू येणं आणि अक्षर लावता येणं यांच्यातला दुवा वर्गात इतका स्पष्ट दिसतो की मी तो नाकारू शकत नाही.

मात्र इथेही माणूस लागतोच. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा बारा बैठकांत ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तीच माणसं, तेच शब्द, पण चित्रफितीवर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर ऐकलेली बाळं काहीच शिकली नाहीत.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. ध्वनिफीत अगदीच निरुपयोगी आहे, असं नाही. माँट्रियलमध्ये सात ते दहा महिन्यांच्या बाळांना त्यांच्या अजिबात ओळखीची नसलेली तुर्की गाणी ध्वनिफितीवरून ऐकवली, तेव्हा ती सुमारे नऊ मिनिटं शांत राहिली. बोलणं ऐकवलं तर जेमतेम चार मिनिटं. म्हणजे यंत्रातून येणारा गाता गळाही बाळाला धरून ठेवतो. थकलेल्या आईने, रात्रपाळी करून आलेल्या बाबांनी कधी गाणं लावलं तर त्यांना अपराधी वाटण्याचं काहीच कारण नाही. निष्णात कलावंताचा आवाज, दूरदूरची वाद्यं मुलांच्या कानांवर पडली पाहिजेत, आणि त्यासाठी लावण्यावाचून मार्ग नाही. माझी तक्रार लावण्यावर नाही. लावल्यामुळे म्हणणं बंद पडलं, यावर आहे.

ते बंद का पडलं? माझ्या मते आळसाने नव्हे. लाजेने.

मी सात वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात आमच्या वर्गाचं समूहगान होतं. तालमीत बाईंनी एकेकाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाल्या, “तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.” मी कार्यक्रमभर ओठ हलवले. आई समोर बसली होती, तिला वाटलं मी गातेय. घरी गेल्यावर ती म्हणाली, छान म्हटलंस. त्यानंतर बावीस वर्षं मी कुणासमोर गायले नाही. बालवाडीत नोकरी लागली तेव्हाही पहिले काही महिने मी यंत्रच लावत होते.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. शिक्षिकांच्या प्रशिक्षणवर्गांत मी विचारते, ‘तुम्हाला कधी कुणी गाऊ नकोस म्हणून सांगितलंय का?’ हात वर होतात, आणि मग ज्या गोष्टी बाहेर येतात त्या तीस-तीस वर्षं जुन्या असूनही सांगताना आवाज कापतो. आणि खरं बघायला गेलं तर सूर खरोखरच न कळणारी, म्हणजे ज्यांच्या मेंदूत सूर ओळखण्याची क्षमताच जन्मतः अधू असते अशी माणसं सुमारे दीड टक्काच आढळतात. स्वतःला ‘बेसूर’ म्हणवणाऱ्यांची संख्या त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यांना कान आहे. नाही तर आपण बेसूर आहोत हे त्यांना कळलंच नसतं. त्यांचा गळा फक्त वापरला गेलेला नाही.

लहान मुलाचा सूर पाच-सहा वर्षांपर्यंत इकडेतिकडे जाणारच. आधी शब्द धरले जातात, मग लय, मग चालीचा चढउतार, आणि नेमका सूर सगळ्यांत शेवटी. गळ्याचा पल्लाही छोटा असतो, चार-पाच-सहा स्वरांचा. पुष्कळदा मोठी माणसं स्वतःला सोयीच्या खालच्या पट्टीत गाणं धरतात, मुलांना तिथे पोचताच येत नाही, आणि मग आपण म्हणतो याला सूरच नाही. चालायला लागलेलं मूल पडतं तेव्हा ‘याला चालण्याचं अंग नाही’ असं कुणी म्हणतं का?

याच कारणासाठी बालवाडीतलं गाणं आणि रंगमंच यांची फारकत करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मंच आला की निवड आली, निवड आली की कुणीतरी मागच्या रांगेत गेलं. एकाच नाचाची तीन-तीन आठवडे तालीम, ध्वनिक्षेपकावर कानठळ्या बसवणारं गाणं, आणि त्यावर ओठ हलवणारी चार वर्षांची मुलं. यात पालकांना फोटो मिळतात, मुलांना काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही. पालकांना दाखवायचंच असेल तर त्यांना एखाद्या सकाळी वर्गात बोलवावं आणि आपल्याबरोबर गायला बसवावं.

‘ताई बेसूर गायली तर मुलांचा कान बिघडेल, त्यापेक्षा यंत्र बरं’ असा एक आक्षेप नेहमी येतो. आक्षेप घेणारी माणसं संगीताची जाणकार असतात, म्हणून तो हलक्यात घेऊ नये. माझं उत्तर असं की कान एका आवाजावर घडत नाही. मूल दिवसभरात अनेक आवाज ऐकतं, त्यांतून सूर हळूहळू वेचून घेतं. पण गाणं ही माणसांनी करायची गोष्ट आहे की विकत आणून लावायची, हे ते भोवतालच्या मोठ्यांकडे बघून ठरवतं, आणि ते फार लवकर ठरतं. शुद्ध सुरातलं यंत्र आणि गप्प बसलेली ताई यांच्यातून मुलाने काय शिकायचं? शिवाय ताईचा गळा सुधारू शकतो. रोज गायल्याने तो सुधारतोच.

गाणी कुठली, हा प्रश्न मला कमी महत्त्वाचा वाटतो, एक गोष्ट सोडून. ती मुलाच्या घरच्या भाषेतली असावीत, किमान काही तरी. सहा महिन्यांच्या बाळाला परक्या तालातलीही चूक ओळखता येते. वर्षाचं होईपर्यंत कान भोवतालच्या तालांना सरावलेला असतो आणि परक्या तालातली चूक त्याला सहज कळेनाशी होते. म्हणजे घरचं गाणं पहिल्याच वर्षी अंगात उतरतं. ते घेऊन मूल बालवाडीत येतं, आणि तिथे त्याला त्याची खूणगाठ सापडली नाही तर ते त्याला परकं घर वाटतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी सगळी शिक्षणपद्धत याच पायावर उभी केली: पहिलं वाद्य म्हणजे स्वतःचा गळा, आणि पहिली गाणी मातृभाषेतली लोकगीतं.

त्या ‘डुबुक’वाल्या मुलाची आई एक दिवस दाराशी थांबली. म्हणाली, “आंघोळीच्या वेळी बादलीत तांब्या टाकतो आणि डुबुक म्हणतो, मग माझ्याकडे बघत राहतो. त्याच्या आधी काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. लिहून द्याल का?” मी चिठ्ठीवर ओळी लिहिल्या. तिने वाचल्या, आणि वर बघितलं. चाल चिठ्ठीवर लिहिता येत नव्हती. मग आम्ही दोघी दारातच उभ्या राहून म्हणालो. पहिल्यांदा ती पुटपुटली, मान खाली घालून. तिच्या घरची बोली वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सांगायला आली की आता ते गाणं तिने आपल्या बोलीत केलंय, आणि दगडाच्या जागी बेडूक आलाय. आम्ही वर्गात ती दोन्ही म्हणायला लागलो.

हे सगळं व्हायचं तर धोरण आखणाऱ्यांकडून फार मोठी मागणी नाही. वाद्यं नकोत, खोल्या नकोत, वेगळा संगीतशिक्षकही नको; तो मिळाला तर आनंद आहे, पण आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा रोज भेटणारी, साधं गाणारी ताई मुलांच्या जास्त कामाची. वेगळा तासही नको. येताना एक, आवरताना एक, हात धुताना एक, कुणी पडून रडलं तर एक, जाताना एक. त्याचं मूल्यमापन नको, गुण नकोत, ‘गायन : ब’ असं प्रगतिपुस्तकात लिहिणं तर मुळीच नको. एका ताईमागे मुलं मात्र कमी हवीत, कारण तीस-चाळीस जणांच्या कल्लोळात मोकळी जागा सोडून वाट बघता येत नाही, आणि मग हात पुन्हा यंत्राच्या बटणाकडे जातो.

आणि प्रशिक्षणात गाण्याला खरा वेळ हवा. आज बालशिक्षणाच्या अनेक अभ्यासक्रमांत गाण्यांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात, त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या जातात, आणि शिकणाऱ्या बाईने वर्षभरात एकदाही तोंड उघडून गायलेलं नसतं. वहीला गुण मिळतात. मी घेते त्या वर्गात वही नसते. पहिल्या दिवशी सगळ्या गोल बसतात आणि एकमेकींकडे बघायचं टाळतात. पहिलं गाणं दोनच स्वरांचं असतं, त्यात फक्त एकमेकींचं नाव घ्यायचं आणि नाव आलं की त्या बाईने उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत आवाज भिंतीपर्यंतही पोचत नाही. मी घाई करत नाही, पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करते. चौथ्या दिवशी कुणीतरी माझ्याआधीच ओळ धरते, बहुधा सकाळी, सगळ्या जमायच्या आत, चपला काढता काढता.